इटलीत चिंक्वे तेर्रेला दोघांनीच चालायचंय: गुडघे, गर्दी आणि दिवाळीची सुट्टी

दांडियाबाजार_जोडी

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो, मी छपन्नचा, बायको त्रेपन्नची. लेक बाहेर शिकायला गेली त्यामुळे यंदा पहिल्यांदाच दोघंच कुठेतरी लांब जाऊ असं ठरतंय आणि बायकोने फोटो बघून चिंक्वे तेर्रे पक्कं केलंय, म्हणजे ती समुद्राच्या कड्यावरची पाच रंगीत गावं, मोन्तेरोस्सो, वेर्नात्झा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. एका बाजूला खाली समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगरउतारावर द्राक्षबागा आणि मधून पायवाट. तिला ती पायवाट चालायचीये, बसमधून उतरून फोटो काढून परत बसमध्ये असलं नको. टूरवाल्याला विचारलं तर तो म्हणतो सर अर्धा दिवस ठेवलाय, तेवढ्यात सगळं होऊन जातं. अर्ध्या दिवसात पाच गावं म्हणजे नुसती स्टेशनंच बघायची की काय.

आता अडचणी सांगतो. एक, माझा उजवा गुडघा पायऱ्या उतरताना कुरकुरतो, डॉक्टर म्हणाले चाला पण बेतानं. दोन, मला कडेला उभं राहिलं की पोटात गोळा येतो, कठडा असेल तर काही नाही, नसेल तर पाय हलत नाही. बायकोचं उलट आहे, ती पावागढ पायऱ्यांनी चढते आणि वर पोचून मला फोन करते की रोपवेची लाइन किती आहे. तीन, सुट्टी मिळते ती दिवाळीत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला. चार, शुद्ध शाकाहारी, अंडं पण नाही.

तर कोणी नवरा-बायको असे जाऊन चालून आलेत का? नेमका कुठला तुकडा चालावा, दोघांनाही झेपेल आणि द्राक्षबागा पण जवळून दिसतील असा? नेटवर वाचलं की काही वाटा बंद आहेत, काहींना तिकीट आहे, वाचून डोकं भणभणलं.

सयाजीबाग_वॉकर

काका, आम्ही दोघं मागच्या वर्षी मे महिन्यात जाऊन आलो, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी तो गोंधळ सोडवू. सगळे ज्याचं नाव घेतात ती किनाऱ्याजवळची निळी वाट, सेंतिएरो अझ्झुर्रो, पाची गावं जोडणारी, साधारण 12 किलोमीटरची. ती सलग चालता येईल असं धरून जाऊ नका. मानारोला ते कोर्निल्या हा खालचा तुकडा दरडींमुळे कित्येक वर्षं बंदच आहे. मोन्तेरोस्सो ते वेर्नात्झा आणि वेर्नात्झा ते कोर्निल्या हे दोन तुकडे चालू असतात आणि त्यांना चिंक्वे तेर्रे कार्ड नावाचं तिकीट लागतं. कार्ड दोन प्रकारचं, एकात वाटा आणि गावातल्या छोट्या बस, दुसऱ्यात त्याशिवाय ला स्पेत्झिया ते लेवान्तो, म्हणजे पाच गावांच्या दोन टोकांची शहरं, तिथपर्यंतच्या लोकल रेल्वेगाड्या पण. दर सीझनप्रमाणे बदलतात म्हणून आकडा लिहीत नाही, जायच्या आठवड्यात नॅशनल पार्कच्या साइटवर बघा, कुठली वाट उघडी कुठली बंद हे पण तिथेच कळतं.

आता तुमच्यासाठी कुठली. मी म्हणेन निळ्या वाटेचं वेड सोडा आणि वरची वाट धरा, मानारोला – वोलास्त्रा – कोर्निल्या. हिला तिकीट नाही, गर्दी निम्म्याहून कमी, आणि द्राक्षबागा बघायच्या तर त्या इथेच, कारण ही वाट बागेच्या शेजारून नाही, बागेच्या आतून जाते. मानारोलाहून वोलास्त्रा हे वरचं खेडं गाठायला शेकडो दगडी पायऱ्यांचा सरळ चढ आहे, तो तुम्ही करूच नका, खालून छोटी बस वर जाते ती पकडा, कार्डात ती धरलेली असते. वोलास्त्राच्या चर्चपाशी उतरायचं आणि तिथून कोर्निल्याकडे चालायला लागायचं, लाल-पांढरे पट्टे दगडांवर रंगवलेले असतात ते बघत जायचं, दीड-दोन तास लागतात, आम्हाला जास्त लागले कारण हिचे फोटो संपेनात.

पहिला बराच भाग सपाट आहे. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत, त्यामुळे एका बाजूला दगड रचलेली भिंत, तिच्यावर शेताची पुढची पायरी, आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या पायाच्या पातळीवर खालच्या पायरीतल्या वेलींचा मांडव. मांडव आपल्या कमरेएवढाच उंच. एक म्हातारे गृहस्थ त्याच्याखाली अक्षरशः दुमडून काम करत होते, नुसती टोपी हलताना दिसत होती, आणि त्या टोपीच्या पलीकडे एकदम तीनशे मीटर खाली समुद्र.

आणि हेच काका तुम्हाला सांगायचंय, कठडा नाही. वाट काही ठिकाणी दोन पावलं रुंद, समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला चिकटायचं. पण कडा म्हणजे सरळ दरी नाही, खाली पुढची पायरी असते, मग त्याच्या खाली पुढची, त्यामुळे माझ्यासारख्या भित्र्यालाही चाललं. भिंतीच्या बाजूने चाला आणि समुद्र बघायचा तर थांबून बघा, चालता चालता नको.

शेवटचा उतार मात्र खडा आहे, जंगलातून, खडबडीत दगडांच्या पायऱ्या. गुडघ्याचा सगळा हिशोब तिथे होतो. काठ्या न्याच, दोन, आणि रबराची टोपणं लावलेली.

माळवी_मुसाफिर

इंदूरहून नमस्कार. वाटेचं वरच्यांनी छान सांगितलंय, मी फक्त तारखेवर बोलतो. नोव्हेंबर नको.

लिगुरियाचा, म्हणजे चिंक्वे तेर्रे ज्या प्रांतात आहे तिथला, किनारा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यात ओला असतो. उन्हाळाभर तापलेला समुद्र आणि लगेच मागे उभे डोंगर, ढग आले की तिथल्या तिथे रिकामे होतात. 2011 साली 25 ऑक्टोबरला, आपल्याकडे दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं, काही तासांच्या पावसात वेर्नात्झा आणि मोन्तेरोस्सोच्या रस्त्यांवरून डोंगराचा चिखल आणि दगड वाहत आले, दुकानं-घरांचे तळमजले गाडले गेले, माणसं गेली. रोज असं होतं असं नाही, घाबरवत नाहीये, पण तेव्हापासून हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा आला की पार्कवाले वाटा बंदच करतात, आणि दोन दिवस मुक्काम असेल नि दोन्ही दिवस इशारा असेल तर तुम्ही खिडकीतून पाऊस बघणार. बोटी पण सीझन संपला की बंद होतात.

एप्रिल शेवट ते मे किंवा सप्टेंबर शेवट. जुलै-ऑगस्ट ऊन आणि गर्दी दोन्ही असह्य. दिवाळी घरी करा, साहेबाला सांगा की रजा सप्टेंबरमध्ये हवी, पितृपंधरवड्यात तसंही ऑफिसात कोणी रजा मागत नाही!

अलकापुरी_९०

मला कळत नाही लोक एवढी कसरत का सांगतात. रिओमाज्जोरे ते मानारोला ती व्हिया देल्लामोरे, प्रेमाची वाट, ती करा. सपाट, फरसबंदी, कठडा आहे, बाजूला समुद्र, नवरा-बायकोसाठी यापेक्षा काय पाहिजे. 2012 मध्ये दरड कोसळून पर्यटक जखमी झाले तेव्हा बंद पडली होती ती 2024 मध्ये पुन्हा उघडली. काकांच्या गुडघ्याला पण सोयीची.

सयाजीबाग_वॉकर

@अलकापुरी_९० ती जरूर करा, नाही कुठे म्हटलं, पण ती किलोमीटरभर पण नाहीये हो. वेगळं तिकीट, आधीच वेळ बुक करायची, रिओमाज्जोरेकडून आत शिरायचं, वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर. तिथे एकही वेल नाही. संध्याकाळी चालून दमल्यावर पाय मोकळे करायला छान आहे. काकूंना चालायचंय ना, त्यांना ती सुरसागर तलावाला चक्कर मारल्यासारखी वाटेल.

नाशिककर_बडोद्यात

द्राक्षबागा म्हटलं की राहवत नाही, माहेर नाशिकचं, लहानपण बागेत गेलं, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे मांजलपूरला.

आपल्याकडची बाग सपाट रानात, ट्रॅक्टर आत जातो, फवारणी मशीनने होते. तिकडे एकेका पायरीवर वेलींच्या दोन-तीन रांगा आणि मग खाली भिंत. त्या भिंती सिमेंट नाही, चुना नाही, नुसते दगडावर दगड रचून केलेले गडगे. फटी मुद्दाम असतात, पावसाचं पाणी त्यातून झिरपून जातं, नाहीतर मागच्या मातीत पाणी तुंबून भिंतच ढकलली जाईल. आणि दगड रचणारा माणूस नसेल तर एक भिंत ढासळते, मग तिच्या वरची, मग वाट. वर 2011 च्या पुराबद्दल लिहिलंय ना, तिथे बऱ्याच पायऱ्या आधीपासूनच ओसाड पडल्या होत्या, तरुण पोरं शेती सोडून हॉटेलांत गेलेली, भिंतींची डागडुजी नाही, हे पण डोंगर खाली येण्याचं एक कारण मानतात. हे सगळं दृश्य माणसाने हाताने रचलेलं आहे म्हणूनच 1997 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा केलं, आणि 2018 मध्ये असे दगड रचायच्या कलेला वेगळी मान्यता मिळाली, इटलीसकट आठ देशांना मिळून.

चालताना एक लोखंडी रूळ दिसेल, एकच, दात असलेला, उतारावरून सरळ वर गेलेला. तो मोनोरेल आहे, द्राक्षांचे क्रेट वाहायला. आधी हे सगळं डोक्या-खांद्यावरून वाहायचे. त्याच्यावर बसून फोटो काढायला जाऊ नका, कामाची वस्तू आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गेलात तर तोडणी बघायला मिळते. शेवटी गेलात तर वेली रिकाम्या असतात पण मग द्राक्षं जाळ्यांवर सावलीत सुकवायला ठेवलेली असतात, त्यांची शाक्केत्रा नावाची गोड वाइन करतात. द्राक्षं बोस्को, अल्बारोला, वेर्मेंतीनो या जातींची. सुकवल्यामुळे रस अगदी थोडा निघतो, म्हणून लहानशी बाटली पण महाग. चाखायची की नाही तुमचं तुम्ही बघा, पण बडोद्याला बाटली आणायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडे दारूबंदी आहे, उगाच विमानतळावर प्रश्नोत्तरं.

दांडियाबाजार_जोडी

आता ह्यांच्या अकाउंटवरून मी लिहितेय, मिसेस. ह्यांनी माझं पावागढचं सांगितलं पण स्वतः रोपवेतून पण डोळे मिटून येतात ते नाही सांगितलं.

सगळ्यांचे खूप आभार, वोलास्त्राची वाट मला फारच आवडली, रात्री नकाशा काढून बसले होते. सप्टेंबर शेवट पक्का करतोय, ह्यांनी ऑफिसात विचारलं पण, साहेब हो म्हणाले. पण मला एक विचारायचंय, मला तो मोन्तेरोस्सो ते वेर्नात्झा चढ पण करायचाय, वरून वेर्नात्झाचं बंदर दिसतं तो फोटो मी लेकीला पाठवणार असं सांगून ठेवलंय. हे आले नाहीत तरी चालेल. मी एकटी गेले तर ठीक आहे ना? आणि ह्यांनी तोवर काय करायचं? आणि सामान कुठे ठेवायचं, ह्या गावांमध्ये बॅगा ओढत नेता येतात का?

राजवाडा_इंदूर_ची_सून

काकू बिनधास्त जा एकट्या, त्या वाटेवर माणसंच माणसं असतात, एकटं वाटायला जागाच नाही. साधारण साडेतीन किलोमीटर, दोन तास धरा. मोन्तेरोस्सोकडून सुरू केलं की सुरुवातीलाच लिंबाच्या बागांमधून पायऱ्याच पायऱ्या, तिथे दम काढते, मग वर-खाली करत जाते, काही जागी इतकी अरुंद की समोरच्यासाठी थांबावं लागतं, आणि शेवटी वळणावर एकदम खाली वेर्नात्झा दिसतं, जुना बुरूज आणि बोटींसकट. तो फोटो उतरतानाच मिळतो म्हणून दिशा हीच ठेवा. गर्दीच्या काही दिवशी एकाच दिशेने सोडतात, ते आधी बघून घ्या. सकाळी आठच्या आत निघा, दहानंतर रांगेत चालल्यासारखं होतं. शूज पक्के हवेत, चपला किंवा फ्लिपफ्लॉप घालून गेलात तर दंड करतात, खरंच.

काकांना बोटीत बसवा. मोन्तेरोस्सोहून वेर्नात्झाला बोट आहे, समुद्रातून त्या सगळ्या पायऱ्या नि गडगे एका नजरेत दिसतात, पायवाटेवरून तेवढं कधीच दिसत नाही. काका आधी पोचतील आणि बंदरावर कॉफी घेऊन बसतील, तुम्ही वरून हात करा. फक्त कोर्निल्याला बोट थांबत नाही, ते एकच गाव वर कड्यावर आहे, स्टेशनवरून गावात जायला पावणेचारशेहून जास्त पायऱ्या किंवा मग छोटी बस. काकांनी बस घ्यावी, भाव खाऊ नये.

बॅगांचं म्हणाल तर गावात राहायची हौस असेल तर एकच हलकी बॅग, नाहीतर लेवान्तो किंवा ला स्पेत्झियाला मुक्काम करा, स्वस्त पण पडतं आणि लिफ्टवालं हॉटेल मिळतं. लोकल रेल्वेने गावं एकमेकांपासून काही मिनिटांवर आहेत, बहुतेक मार्ग बोगद्यातूनच.

खाण्याचं कोणीच लिहिलं नाही! फारिनाता शोधा, चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, मोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं, म्हणजे आपलं बेसनाचं धिरडंच पण कांदा-मिरची विसरलेलं. मी पर्समधून लाल तिखट काढून भुरभुरलं तेव्हा बाई बघतच राहिली. फोकाच्चा, म्हणजे तिथला जाडसर भाजलेला पाव, सगळीकडे, पण मोन्तेरोस्सो अँचोवी माशांसाठी प्रसिद्ध आहे आणि ते बारीक मासे कशावरही पसरलेले असतात, दिसतातही नाहीत पटकन, विचारूनच घ्या. पेस्तो, म्हणजे बेसिलच्या पानांची चटणी, तिथलाच, पण त्यात परमेसान चीज असतं आणि ते करताना दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं, तुम्ही किती कडक पाळता त्यावर. चीज न घातलेला टोमॅटोचा पास्ता कुठेही करून देतात.

फिजिओ_नाही_पण_अनुभवी

काका, गुडघ्याचं सांगतो, दोन्ही गुडघ्यांनी मला शिकवलंय. चढताना दम लागतो, गुडघा दुखतो तो उतरताना, कारण शरीराचं सगळं वजन एका वाकलेल्या पायावर येतं आणि मांडीच्या स्नायूंना ते सावरत सोडावं लागतं. त्यामुळे सयाजीबागेत सकाळी फेऱ्या मारून तयारी झाली असं समजू नका, बडोदं सपाट आहे, तिथे कितीही चाललात तरी मांडीला उताराची सवय होत नाही. आतापासून दर रविवारी पावागढ, माचीपासून पायऱ्यांनी वर आणि, हे महत्त्वाचं, पायऱ्यांनीच खाली. रोपवे दिसला तरी बघायचं नाही. सुरुवातीला अर्ध्यातून परत या. मधल्या दिवशी बिल्डिंगचा जिना, लिफ्टने वर आणि चालत खाली, शेजारी हसतील, हसू दे. इंदूरवाल्यांना रालामंडलची टेकडी आहे, आम्हाला हेच.

उतरताना काठी आधी, पाय मागून, पाऊल छोटं, आणि घाई करणाऱ्याला पुढे जाऊ द्या, बायको असली तरी. डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या की एवढा उतार चालेल का, इथे विचारून औषध घेऊ नका.

माळवी_मुसाफिर

अजून एक, व्हिसा. बडोद्याच्या मंडळींना अहमदाबादचं सेंटर. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, सप्टेंबरचं असेल तर मार्च-एप्रिलपासूनच अपॉइंटमेंट बघायला लागा, मे-जूनमध्ये सगळं गुजरात रांगेत असतं. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो, आणि घेताना ट्रेकिंग धरलेलं आहे का ते वाचा, काही पॉलिसीत नसतं.

दांडियाबाजार_जोडी

मीच परत, नवरा. बोटीचं ऐकून जीवात जीव आला. तर असं ठरलं: ही मोन्तेरोस्सो-वेर्नात्झा एकटी, मी बोटीने. दुसऱ्या दिवशी दोघं बसने वोलास्त्रा आणि तिथून चालत कोर्निल्या, भिंतीच्या बाजूने मी. प्रेमाची वाट संध्याकाळी, तिकीट मिळालं तर. टूरवाल्याला फोन करून नाही सांगितलं, तो म्हणाला सर तुम्ही दमाल.

पावागढ येत्या रविवारपासून सुरू. शेवटचा प्रश्न, खाखरे, थेपले, भाकरवडी नेता येते का तिकडे? आणि हिला वेर्नात्झाच्या घरमालकिणीसाठी पेढे न्यायचेत, म्हणते रिकाम्या हाताने कसं जायचं.

राजवाडा_इंदूर_ची_सून

खाखरे-भाकरवडी खुशाल न्या, थेपले पहिल्या दोन दिवसांत संपवा. पेढे अजिबात नाही, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस न्यायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. घरमालकिणीला राजगिऱ्याची चिक्की न्या. आणि थेपल्यात दही घालू नका हो, तेलाचे करा, टिकतात पण.